कुंभारणीचं घर

चावणाऱ्या माशीला भ्यायचं नसतं, तीच आपल्याला भिते, असं मला लहानपणी निदान पन्नास माणसांनी सांगितलं असेल. त्यांतल्या एकानंही ते माशीला जाऊन सांगितलं नाही. आमचं गाव येडशीच्या अलीकडं, रामलिंगाच्या डोंगराला लागून, त्यामुळं जंगलातल्या माश्यांना आमच्या घरी यायला फार लांब पडत नव्हतं. घर मातीचं, धाब्याचं. पुढं ढाळज, म्हणजे माणसं बसायची पडवी, मग माजघर, त्यामागं चूल, आणि परड्यात न्हाणी, कडुलिंबाचं झाड आणि पाण्याचा रांजण. अप्पा कापडाचे व्यापारी. लुगड्या-खणांचे गठ्ठे बैलगाडीत घालून आठवड्याचे बाजार करायचे, आज येडशी तर परवा वाशी. घरात आम्ही पाच माणसं. अप्पा, आई (तिला आम्ही लिंगायतांच्या चालीप्रमाणं अव्वा म्हणायचो), मोठा भाऊ अण्णा, त्याची बायको नीलावहिनी आणि शेंडेफळ मी, कमळ. बारा वर्षांची, जिभेनं तिखट आणि काळजानं सशाची. दुपारी सगळं गाव आडवं झालं की आमच्या घरात दोनच आवाज उरायचे, अप्पांचं घोरणं आणि कुठंतरी वळचणीला चाललेली गुणगुण. घोरण्याची मला भीती वाटत नव्हती.

माश्यांच्या बाबतीत अव्वाचं शास्त्र पक्कं होतं. गांधीलमाशी म्हणजे दुश्मन. न्हाणीच्या आढ्याला किंवा कवाडाच्या मागं तिचं कागदी पोळं रुपयाएवढं दिसलं, की तिन्हीसांजेला अण्णा अंगावर घोंगडं घ्यायचा, काठीच्या टोकाला चिंध्यांचा काकडा पेटवायचा आणि ते पोळं जाळायचा. मी त्या वेळी तीन घरं ओलांडून पलीकडं उभी असायची. मधमाशी म्हणजे पाहुणी. लिंबाच्या ढोलीत मोहोळ होतं, त्याला कुणी बोट लावायचं नाही. उन्हाळ्यात डोंगरातला एक माणूस येऊन गोवरीचा धूर देऊन अर्धं मोहोळ काढायचा आणि अर्धं माश्यांना ठेवायचा. आणि कुंभारीण म्हणजे घरची लेक. ही माशी एकटीच येते. दोऱ्याएवढी कंबर, काळं-पिवळं अंग. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि भिंतीला लिंबाएवढं मातीचं घर बांधते. ज्या घरात कुंभारीण घर बांधते त्या घरात पाळणा हलतो, असं आमच्याकडं सगळे मानायचे. पाळणा हलेपर्यंत ते घर मोडायचं नाही. मोडलं तर पोटातलं मोडतं. कुणाला चावा बसलाच तर लोखंडाची किल्ली घासायची, चुना लावायचा, कांदा चोळायचा. तिन्हींचा गुण सारखाच होता, म्हणजे काहीच नव्हता.

माझी भीती काही आकाशातून पडलेली नव्हती. आदल्या वर्षी येळवशीला आम्ही सगळे शेतात गेलो होतो. येळवस म्हणजे आमच्या भागातली पौषाच्या तोंडावरची अमावस्या. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आणि मग सगळ्या शेंगा-पाल्यांची मिसळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. त्या भज्जीची चव अजून माझ्या जिभेवर आहे. सूनबाई आता करते ती कुकरात करते, तिच्यासमोर मी चांगली म्हणते. तर त्या दिवशी शेजारच्या शेतवाल्यांनी दूध उतू घालायला चिंचेखाली गोवऱ्या पेटवल्या. वर फांदीला सुपाएवढं आग्या मोहोळ लटकत होतं. सगळ्या शिवाराला ते माहीत होतं, पण सणाच्या गडबडीत मान वर करून कुणी बघितलं नाही. धूर वर गेला. आधी पाऊस येतो तसा आवाज झाला, आणि मग ऊनच काळं झालं. अप्पा ओरडले, "निजा! पालथं निजा!" अण्णानं वहिनीला आणि मला एका घोंगड्याखाली लोटलं. बाहेर माणसं बोंबलत होती, बैल हंबरत होते, आणि घोंगड्याच्या आत, आमच्या दोघींच्या मधे, एक माशी आली होती. मला ती दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. माझ्या कानापाशी, मग नाकापाशी. मी किंचाळायला तोंड उघडलं तेवढ्यात वहिनीनं तिला मुठीत धरलं. मूठ घट्ट मिटून ती तशीच पडून राहिली, हूं की चूं नाही. बाहेर निघालो तेव्हा तिचा हात मनगटापर्यंत सुजला होता, आणि शेजाऱ्यांचा गाडीला बांधलेला बैल मरून पडला होता. त्या दिवसापासून कसलीही गुणगुण ऐकली की माझे पाय लटपटायचे. गांधील कुठली, मोहोळ कुठलं, कुंभारीण कुठली, हे मला समजत होतं. माझ्या पायांना समजत नव्हतं.

नीलावहिनी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. सावळी, उंच, कमी बोलणारी. घरात मला माणसात धरणारी ती एकटीच. पहिल्या भाकरीचा फुगलेला पोपडा ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची आणि वर शेंगाची चटणी घालून हळूच सरकवायची. तिचं माहेर बार्शीच्या बाजूला, म्हणजे इंग्रजी मुलखात. मधे आमच्या निजाम सरकारचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोनदा तिची पोटं वाया गेली होती, एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्या. अव्वा वाईट बाई नव्हती, पण तिला एकच लेक होता. माझा मामा, अव्वाचा धाकटा भाऊ, माकणीकडचा, तो आला की ढाळजेत बसून मोठ्यानं म्हणायचा, "अक्का, आणि किती दिस वाट बघायची? दुसरी करून टाका." त्याच्या बघण्यात एक पोरगी होतीच. अशा मामांच्या बघण्यात नेहमी एक पोरगी असतेच. तिसऱ्यांदा वहिनीला दिवस राहिले तेव्हा अव्वानं मामाला निरोप धाडला, एवढं एक बघू, मग तुझं ऐकू. हा निरोप वहिनीसमोरच दिला गेला. ती तेव्हा तांदूळ निवडत होती, आणि निवडतच राहिली.

श्रावणात कुंभारीण आली. माजघराच्या दाराच्या चौकटीशेजारी, माझ्या डोक्याच्या वर वीतभर, तिनं घर बांधायला घेतलं. रांजणाखालच्या ओल्या मातीची गोळी घेऊन यायची, भिंतीला टेकून बारीक आवाजात गुणगुणत ती थापायची, पुन्हा जायची. अव्वाच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद त्याआधी पाहिला नव्हता. तिनं त्या घराला लांबून हात जोडले आणि शेजारच्या भिंतीला विभूतीची तीन बोटं ओढली. "नीलू, आता भिऊ नगंस," ती वहिनीला म्हणाली. "लेक आलीय घरला. आता समदं नीट व्हतंय." वहिनी हसली. त्या हसण्यात भीती किती आणि भरवसा किती हे मला आता कळतं, तेव्हा मला एवढंच कळलं की दिवसातून वीस वेळा मला त्या दारातून जायचंय आणि दर वेळी ती माझ्या डोक्यावर असणार आहे. मी वाकून जायला लागले. घरात सगळे हसायचे. अण्णा म्हणायचा, "कमळाबाई आल्या, मुजरा करत आल्या."

श्रावणी सोमवार होता. अव्वा वहिनीला घेऊन महादेवाला गेली होती. अण्णा शेतावर, अप्पा ढाळजेत निजलेले. मी सुपात ज्वारी घेऊन चुलीकडून माजघरात येत होते, आणि दारातच कुंभारीण समोरून आली. पायांत एक हिरवी अळी धरली होती, त्यामुळं तिचा आवाज जड होता आणि उडणं वाकडं. ती माझ्या तोंडासमोर येऊन थांबली. खरं म्हणजे तिला घराकडं जायचं होतं आणि मी वाटेत उभी होते, एवढंच. पण माझ्या कानात येळवशीचा आवाज सुरू झाला. मी डोळे मिटून सूप फिरवलं. ज्वारी सगळीकडं उडाली, सुपाची कड भिंतीला लागली, आणि काहीतरी खाली पडून फुटल्याचा बारका आवाज आला. भाजलेली शेंग फुटते तेवढाच. डोळे उघडले तर उंबऱ्याजवळ मातीचे तुकडे पडले होते. त्यांत चार-पाच हिरव्या अळ्या, मेलेल्या नाहीत आणि हलतही नाहीत अशा. आणि त्यांच्यामधे तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढरा जीव, त्याला तोंड आहे की नाही तेही कळत नव्हतं. तो हलत होता. मी बघत असतानाच हलायचा थांबला.

मोडलं तर पोटातलं मोडतं. अप्पा अजून घोरत होते. मी ज्वारी गोळा केली, तुकडे परकराच्या ओच्यात घेतले, परड्यात जाऊन लिंबाच्या मुळाशी पुरले. मग मी जे केलं त्याला शहाणपण म्हणायचं की पाप, हे मला या वयातही ठरवता आलेलं नाही. रांजणाखालची तीच ओली माती मी घेतली आणि तसंच घर वळलं. आतून पोकळ, वरून खवल्याखवल्याचं, तोंड बंद केलेलं. दोनदा ते भिंतीवरून निसटलं. तिसऱ्यांदा बाभळीचा डिंक लावून बसवलं, पंख्यानं वारा घातला, आणि विभूतीच्या पट्ट्यांशेजारी ते असं दिसायला लागलं की माझं मलाच भ्या वाटलं. अव्वाला बारीकसारीक नीट दिसत नव्हतं. ती देवळातून आली, नेहमीसारखे हात जोडले आणि म्हणाली, "बंद केलं गं तोंड. झालं बांधून."

कुंभारीण मात्र फसली नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, माझ्या घराभोवती फिरली, त्यावर बसली, पुढच्या पायांनी चाचपलं, डोकं खुपसायला जागा शोधली. उडाली, पुन्हा बसली. तीन दिवस ती येत होती आणि तीन दिवस मी परड्यात उभी राहून दातांवर दात धरून बघत होते. ती कुणाला सांगणार, असं मी स्वतःला समजावायची, आणि लगेच वाटायचं, सांगणारच. चौथ्या दिवसापासून ती आली नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिच्या गुणगुणीपेक्षा ती शांतता वाईट होती.

पुढचे पाच महिने मी भाकरी खाल्ली ती कशी खाल्ली देव जाणे. वहिनी उठताना कण्हली, वहिनीला उलटी झाली, वहिनीचे पाय सुजले, वहिनी पायरी चुकली, प्रत्येक वेळी मी मनात म्हणायची, झालं, आता झालं. एकदा दुपारी तिनं मला जवळ बोलावलं, माझा हात धरून पोटावर ठेवला आणि म्हणाली, "बगा वन्सं, कसं लाथा मारतंय." माझ्या तळव्याला खरंच आतून धक्का बसला. मी हात असा मागं घेतला की तिनं चमकून माझ्याकडं पाहिलं. परवाच माझ्या नातवाच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंभारणीचं घर दिसलं, आणि तो फवाऱ्याचा डबा घेऊन निघाला. मी शिकलेली बाई नसले तरी अळीचं आणि माणसाच्या पोराचं काही नातं नाही हे मला आता पक्कं ठाऊक आहे. तरी मी त्याच्या हातातला डबा काढून घेतला. तो हसला आणि मी चिडले. भीती ही शहाणपणाला विचारून येत नाही आणि त्याच्या सांगण्यावरून जातही नाही.

बाळंतपणाला वहिनी माहेरी जायची होती. पण ते दिवस वाईट होते. निजामाच्या राज्याचं काय होणार हे कुणालाच कळत नव्हतं, नाक्यावर गाड्या अडवत होते, आणि रस्त्यावर काय होईल याची खात्री राहिली नव्हती. अप्पांनी बाजार करणं थांबवलं होतं. वहिनीचा भाऊ नाक्यापर्यंत येऊन परत गेला. म्हणून ती आमच्याच घरी अडकून राहिली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तीळ भाजायला घेतले आणि तिच्या पोटात कळ आली. अव्वानं चांदबी मावशीला बोलावलं. गावातली निम्मी माणसं चांदबीच्या हातावर जन्मली होती, मीही. सकाळ गेली, उन्हं डोक्यावर आली, वहिनीचा आवाज बसत चालला आणि सुटका होईना. तेव्हा चांदबी मावशी माजघराच्या दारात आली, पदरानं कपाळ पुसलं आणि मला म्हणाली, "बेटी, घरात जे जे बंद हाय ते समदं खोल. संदुका, कुलपं, डबे, मडक्याची तोंडं, वासराचं दावं. कायबी बंद नक्को ठेवू. बाहेर समदं सुटलं की आतलं सुटतं."

मी पळत सुटले. अप्पांच्या कापडाच्या पेट्या उघडल्या. धान्याच्या कणगीचं झाकण काढलं, लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडला, वासरू सोडलं, माझी वेणी सोडली, अण्णाच्या अंगरख्याचे बंदसुद्धा सोडायला लावले. सगळं घर आ वासून उभं राहिलं. आणि मग मी माजघराच्या दाराशी आले आणि वर बघितलं. तोंड बंद केलेलं ते एकच मडकं घरात राहिलं होतं, आणि ते माझ्या हातानं बंद केलेलं होतं. नुसतं नख लावलं असतं तरी फुटलं असतं. मी हात वर केला. तेवढ्यात गरम पाण्यासाठी अव्वा बाहेर आली. फुटलं तर आत काही नाही हे तिला दिसणार, आणि मग काय काय होणार हे माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी हात खाली घेतला. अव्वा पाणी घेऊन आत गेली, तरी मी तो पुन्हा वर केला नाही. थोड्या वेळानं वहिनीचा आवाज थांबला. पण दुसरा आवाज आला नाही. चांदबी मावशी बराच वेळ काहीतरी चोळत होती, थापटत होती, पुटपुटत होती. मुलगा होता. अण्णा आणि अप्पांनी त्याला शेतात नेऊन पुरलं. चुलीवरचे तीळ करपून गेले होते, त्या वासानं मला अजूनही मळमळतं.

सव्वा महिन्यानं मामा आला. ढाळजेत घोंगडी अंथरली, अप्पा, अण्णा आणि मामा बसले. अव्वा दाराआड उंबऱ्याला टेकली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आत चुलीपाशी वहिनी भाकरी थापत होती. तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता आणि सगळे तो ऐकू येत नसल्यासारखे बसले होते. मामा म्हणाला, "तीन झाली. आता देवानंच सांगितलं म्हणायचं. पाडव्याला पोरगी दाखवतो. हिला कोण हाकलतंय? ऱ्हाईल कोपऱ्यात, न्हाय तर जाईल म्हायेरी." अण्णा मान खाली घालून घोंगडीचे दोरे ओढत होता. त्याच्याकडून काही होणार नव्हतं. अव्वानं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "तिच्या कुशीतच दोष हाय, त्याला म्या तरी काय करू. लेकीनं घर बांधलं, म्या इबूत लावली, तरी न्हाय टिकलं." आत भाकरीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा हळू.

बारा वर्षांच्या पोरीला काय कळतं म्हणतात, पण मला सगळं कळत होतं. बोलले तर मी या घरात, या गावात कोण होणार हेही कळत होतं. ज्या पोरीनं भावाचं पोर मोडलं तिला कुणी उंबरा ओलांडू देत नाही. आग्या मोहोळ उठलं तेव्हा निदान पालथं पडायला जमीन होती. मी तांब्या खाली ठेवला, दाराशी गेले, चवड्यांवर उभी राहिले, आणि ते मातीचं घर भिंतीवरून उपसून आणून अव्वाच्या पुढ्यात ठेवलं. "हे कुंभारणीचं न्हाय," मी म्हणाले. "हे म्या केलंय. खरं सुपानं मोडलं. सरावणात. लई भ्याले म्हणून न्हाय सांगितलं. वहिनीचा काय बी दोष न्हाय."

अव्वानं ते उचललं. डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्यानं दाबलं. ते फुटलं आणि आतून काहीच पडलं नाही. ती त्या तुकड्यांकडं इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं आता मारेल, आता मारेल, आणि मारावं असंही वाटलं. ती फक्त म्हणाली, "म्या ह्याला रोज हात जोडत हुते गं." मामा उसळला, "बघा! घरातच वैरी! ह्या कार्टीला..." तेव्हा अप्पा बोलले. अप्पा घरात पंधरा दिवसांत एकदा बोलायचे. "झालं तर मग, पाव्हणं," ते म्हणाले. "इतका येळ दोष सुनंचा हुता म्हणून सून बदलायची हुती. आता दोष लेकीचा निघाला. आता काय लेक बदलून आणता का?" मामानं जेवणही अर्ध्यावर सोडलं. पाडव्याला कुणी पोरगी दाखवायला आलं नाही, आणि तो विषय आमच्या ढाळजेत पुन्हा निघाला नाही.

त्याची भरपाई मी केली. आठवड्यात गावभर झालं. मला 'घरमोडी' म्हणायला लागले. कुणाची सून पोटुशी असली की मला बघून दार लोटून घ्यायचे. अव्वानं मला मारलं नाही, पण दोन वर्षं माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. माझं लग्न पुढं अप्पांनी पार कल्याणीकडं लावून दिलं, जिथं आमच्या गावाचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या पाच लेकरांपैकी एकाच्याही वेळी मी माहेरी बाळंतपणाला गेले नाही. वहिनीला पुढं दोन मुली आणि एक मुलगा झाला. तेव्हा घरात कुंभारणीनं घर बांधलं होतं की नव्हतं हे मी कुणालाही विचारलेलं नाही.

मामा जेवण सोडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी फणी आणि तेलाची वाटी घेऊन परड्यात आली आणि लिंबाखाली माझ्यामागं बसली. घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. ती माझे केस विंचरायला लागली. मग म्हणाली, "वन्सं, पाव्हण्यांसमोर कशाला बोलायचं? एवढं भेता, आन तवाच कुठून आलं बळ?"

"तुमाला हाकललं असतं."

तिनं फणीतले केस काढले, बोटाला गुंडाळले. "मला ठावं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"ते घर. दुसऱ्याच दिशी बघितलं म्या. अव्वांना दिसत न्हाय, मला दिसतं की. बोटाचे ठसे हुते त्येच्यावर. कुंभारणीला बोटं आसत्यात व्हय?"

मी वळून बघायला गेले, पण तिनं माझं डोकं सरळ धरलं. म्हणजे पाच महिने ती त्या दारातून माझ्यासारखीच जात-येत होती. पोटावर हात ठेवून, त्या खोट्या घराखालून, सगळं ठाऊक असून. अव्वा हात जोडायची तेव्हा तीही शेजारी उभी राहून जोडायची.

"मग काल मामा बोलत हुते तवा कामून न्हाय सांगितलं? एका शब्दात सुटला असता तुमी."

तिनं तीन पेड केले आणि घट्ट ओढून वेणी घालायला सुरुवात केली.

"माझं लगीन झालंय, वन्सं," ती म्हणाली. "तुमचं व्हायचं हाय."